शीड उतरले आणि शब्द रुजला

मंडळी, ‘स्ट्राइक’ हा शब्द इंग्रजी खरा, पण आता तो आपल्याला परका राहिलेला नाही. ‘आज एस. टी.चा स्ट्राइक आहे’ असे कुणी म्हटले, की शाळेची पायरी न चढलेल्या आजीबाईलाही कळते की आज तालुक्याला जाणे काही होत नाही. पण शाळेतल्या मुलाने शब्दकोश उघडला, तर तो बुचकळ्यात पडतो. तिथे स्ट्राइक म्हणजे मारणे, तडाखा देणे. आगकाडी ओढणे, घड्याळाने टोले देणे, यादीतले नाव खोडणे, या साऱ्यांना तोच शब्द. आता सांगा, काम थांबवून स्वस्थ बसण्याला ‘मारणे’ हा शब्द का बरे लागावा?

याचे उत्तर बंदरावर सापडते. खलाशांच्या बोलीत या शब्दाचा एक वेगळा अर्थ होता : खाली उतरवणे. शीड उतरवायचे, निशाण उतरवायचे, तर हाच शब्द वापरीत. आपल्या कोकणच्या बांधवांना हे सांगायला नको की शिडाचे गलबत शीड उतरवले की जागचे हलत नाही.

१७६८ साली इंग्लंडात धान्य महाग झाले होते आणि खलाशांची मजुरी पुरेनाशी झाली होती. सुंदरलँडच्या बंदरात आणि लंडनला थेम्स नदीत त्यांनी मजुरी वाढवून मागितली. मालक ऐकेनात. तेव्हा खलाशी गलबतांवर चढले आणि त्यांनी शिडांची वरची सामग्री खाली उतरवून ठेवली. माल जागेवर, गलबत जागेवर! ‘शीड उतरवले’ म्हणजे ‘काम थांबवले’ हा अर्थ तिथून रूढ झाला, आणि पुढे ज्यांनी कधी समुद्र पाहिला नाही अशा गिरणी-खाणीतल्या मजुरांनीही तो उचलला.

शब्द त्या वेळचा असला तरी गोष्ट फार जुनी आहे, बरं का. इजिप्त देशात तिसरा रामसेस राजा असताना, म्हणजे सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी, राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांना धान्याचा शिधा वेळेवर मिळेना. त्यांनी हत्यारे खाली ठेवली आणि देवळाजवळ जाऊन बसले. ही हकीकत त्या काळच्या लेखकाने लिहून ठेवली, ती आजही वाचता येते.

प्रत्येक भाषेने या गोष्टीकडे आपल्या नजरेने पाहिले आहे. फ्रेंच लोक संपाला ‘ग्रेव्ह’ म्हणतात. ग्रेव्ह म्हणजे नदीकाठची रेताड जागा. पॅरिसमध्ये अशा एका जागी बेकार मजूर कामाच्या शोधात जमत, त्यावरून तो शब्द. आपल्याकडच्या ‘हरताळ’ शब्दात बाजार आहे : हट्ट म्हणजे दुकान, त्याला ताळे. आणि ‘संप’? गुजराती शेजाऱ्याला विचारा. तो सांगेल, संप म्हणजे एकोपा. ‘संप त्यां जंप’, एकी तिथे शांती, अशी त्यांची म्हण आहे. तेव्हा आपल्या शब्दात काम थांबण्याआधी माणसे एकत्र येणे आहे.

हा एकोपा गिरणीतच दिसला असे नाही. १९०८ साली लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले, एका वर्षाला एक दिवस. पण अलिबागजवळच्या चरी गावची गोष्ट तर शेतकऱ्यांचीच आहे. खोतांच्या जुलमाला कंटाळून १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली पंचवीस गावांतल्या कुळांनी जमीन कसायचे बंद केले. आपल्याच हाताने आपले शेत ओस ठेवायचे, ही काय सोपी गोष्ट आहे? हा संप १९३९ पर्यंत चालला. त्यानंतर मुंबई इलाख्यात १९३९ चा कुळकायदा आला आणि त्याच्यापुढचे पाऊल म्हणून १९४८ चा.

मात्र संप नेहमी फळतोच असे नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांनी काम थांबवले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पुष्कळ गिरण्या बंद पडल्या आणि कोकणात, घाटावर कितीतरी घरांची मनिऑर्डर थांबली. शीड उतरवले की मालकाचा माल अडतो, तशी खलाशाची चूलही अडते. म्हणूनच शहाणा मजूर हा उपाय शेवटी काढतो, आणि शहाणा मालक ती वेळ येऊ देत नाही.

गुरुजींना एक विनंती. वर्गात हा शब्द आला, तर अर्थ सांगून पुढे जाऊ नका. थेम्समधली ती उभी गलबते आणि चरीची ती ओस शेते मुलांना दाखवा. मग ‘संप म्हणजे कामचुकारपणा’ असे कुणी म्हणाले, तर मुलेच त्याला विचारतील : त्या सहा वर्षांत चरीच्या घरांत चूल कशी पेटली असेल?