रात्रीस खेळ चाले (दूरचित्रवाणी मालिका)

रात्रीस खेळ चाले ही झी मराठी वाहिनीवरील कोकणाच्या पार्श्वभूमीवरची गूढकथामालिका आहे. तिचा पहिला भाग २२ फेब्रुवारी २०१६ रोजी प्रसारित झाला. शीर्षकातील शब्द 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) या चित्रपटातील गीतामुळे आधीच सर्वपरिचित होते. चित्रीकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी येथील वाड्यात झाले; १ मे १९८१ पूर्वी हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात होता. संवादांतील मालवणी बोली हे मालिकेचे ठळक वैशिष्ट्य होय.

कथेचा आरंभ अण्णा नाईक यांच्या मृत्यूने होतो. विखुरलेले कुटुंब वाड्यात एकत्र येते आणि चमत्कारिक घटना घडू लागतात. मालिकेमुळे अंधश्रद्धेला खतपाणी मिळते व कोकणाची बदनामी होते, असे आक्षेप घेतले गेले. वस्तुतः विज्ञाननिष्ठ सून निलिमा हे पात्र कथेतच या समजुतींना विरोध करते. पण भीतीच्या प्रसंगांपुढे तिचा युक्तिवाद फिका पडतो, हेही खरे.

१४ जानेवारी २०१९ रोजी सुरू झालेल्या दुसऱ्या पर्वाबद्दलची उत्सुकता निराळी होती. हे पर्व पूर्वकथा असल्याने अण्णांचा शेवट प्रेक्षकांना ठाऊक होता. त्यांचे आयुष्य मात्र पाहायचे होते. माधव अभ्यंकर (अण्णा) आणि अपूर्वा नेमळेकर (शेवंता) यांच्या भूमिका विशेष गाजल्या. पांडूची भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर लेखनातही सहभागी होते. तिसरे पर्व २२ मार्च २०२१ रोजी सुरू झाले.