गाठीचा ताप, घराची तपासणी आणि टोचणी : मुंबई इलाख्यातील प्लेगचे दशक (१८९६-१९०७)

साथीच्या रोगांचा इतिहास बहुधा साथ आली तेव्हापासून ती गेली तोपर्यंत लिहिला जातो. मुंबई इलाख्यातील प्लेगला ही चौकट लागू पडत नाही. १८९६ मध्ये आलेला हा रोग पुढे दर हिवाळ्यात परतत राहिला. १८९६ ते १९३० या काळात हिंदुस्थानात त्याने एक कोटीहून अधिक बळी घेतले आणि एकट्या १९०७ साली मृतांची संख्या बारा लाखांच्या पुढे गेली. म्हणजे दोन पिढ्यांना या रोगासह संसार करावा लागला. तो त्यांनी कसा केला, काय स्वीकारले व काय नाकारले, हा प्रश्न वैद्यकाइतकाच समाजेतिहासाचाही आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग. वखारीत उंदीर, उंदरांच्या अंगावर पिसवा, आणि वखारीच्या माडीवर दाटीने राहणारी माणसे अशी तेथील रचना होती. परंतु हा धागा त्या वेळी कोणाला दिसत नव्हता. रोग घाणीतून व दूषित हवेतून पसरतो या समजुतीने गटारे धुतली गेली, भिंतींवर कार्बोलिक फवारले गेले, घरांची छपरे उघडली गेली. उंदीर तेवढे शेजारच्या घरात गेले.

याच समजुतीतून सक्ती आली. ऑक्टोबर १८९६ मध्ये महापालिकेने रोग्यांना बळाने रुग्णालयात हलविण्याचा अधिकार घेतला. त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा झाला. त्याच सुमारास व्हेनिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या दडपणाखाली त्या वर्षीची हजयात्रा थांबविण्यात आली. पुण्यातील गोऱ्या सैनिकांची घरझडती आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला हल्ला हा भाग सर्वपरिचित आहे. त्याची पुनरुक्ती येथे नको.

त्या मानाने ९ मार्च १८९८ ची मुंबईतील घटना आपल्या अध्यापनात क्वचित येते. रिपन रोडच्या परिसरात उत्तरेकडून येऊन स्थायिक झालेल्या जुलाहा, म्हणजे मोमीन विणकरांची वस्ती होती. तेथील एका घरात बारा वर्षांची मुलगी तापाने आजारी होती. तपासणी पथक तिला हलविण्यास आले, घरच्यांनी नकार दिला, गर्दी जमली, दंगल उसळली आणि गोळीबार झाला. पुढे शहरात हरताळ पडला. या प्रसंगाचे वर्णन 'अडाणी जमावाचा उद्रेक' असे करण्याची प्रथा होती. ती स्वीकारण्याजोगी नाही. आजारी मुलीला परपुरुषांनी तपासणे, घराबाहेर नेणे आणि जेथून बहुतेक जण परत येत नाहीत अशा ठिकाणी एकटे ठेवणे याला तो विरोध होता. पडद्याचा प्रश्न त्यात होताच, पण केवळ मुस्लिम घरांपुरता नव्हता. स्त्रियांच्या तपासणीविषयीची हीच तक्रार पुण्यातील ब्राह्मण घरांतूनही झाली होती.

महत्त्वाचे हे की सरकारने त्यातून धडा घेतला. सक्तीची झडती हळूहळू सैल झाली. पारशी, खोजा, मेमन इत्यादी जमातींना आपापली रुग्णालये चालविण्यास वाव मिळाला. तेथे घरचे माणूस उशाशी बसू शके, आपले अन्न मिळे, स्त्रियांची वेगळी सोय असे. ज्यांनी रुग्ण लपविले होते तेच लोक तेथे रुग्ण आणू लागले.

लसीची कथा याला समांतर जाते. वाल्डेमार हाफकिन हे ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा खोलीत त्यांनी मृत जंतूंपासून लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. टोचणीनंतर ताप येई, दंड सुजे. मजुराच्या दृष्टीने एक-दोन दिवसांचा रोज बुडे. अफवाही पुष्कळ होत्या. अशा वेळी तरुण आगाखान (तिसरे) यांनी सर्वांसमक्ष टोचून घेतले, आणि खोजा जमातीतील हजारो लोक त्यांच्या मागे गेले. जमातीच्या प्रमुखाने दंड पुढे केला की जे होते, ते सरकारी फर्मानाने होत नाही, याचा हा ठळक दाखला होय.

बडोदे संस्थानातील उंढेरा गावचा प्रयोग वडोदऱ्याच्या वाचकांना जवळचा वाटावा. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेथे प्रत्येक घरातील सुमारे निम्म्या माणसांना टोचण्यात आले, निम्म्यांना मुद्दाम वगळण्यात आले. पुढे ज्या घरांत प्लेग शिरला तेथे न टोचलेल्या ६४ जणांपैकी २६ दगावले. टोचलेल्या ७१ पैकी ३. एकाच छताखालची, एकाच चुलीवर जेवणारी माणसे असल्यामुळे ही तुलना फार बोलकी ठरली. (आजच्या नीतिनियमांपुढे असा प्रयोग टिकला नसता, हे वेगळे.) त्याच वर्षी बेळगावच्या शेजारील धारवाड जिल्ह्यात, हुबळी येथे, अडतीस हजारांवर लोकांनी टोचून घेतले. त्यामागे केवळ विश्वास होता असे मानणे भाबडेपणाचे होईल. अनेक ठिकाणी टोचणीचा दाखला असलेल्यास प्रवासबंदी व विलगीकरणातून सूट मिळत असे. दाखला हा काहींच्या दृष्टीने लसीहून अधिक मोलाचा होता.

१९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल गावी टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष एका बाटलीपुरता होता, पण हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले. त्यांची निर्दोषता मान्य होण्यास १९०७ साल उजाडले. दरम्यान लोकांचा विश्वास जो ढळला तो कागदोपत्री निर्दोषतेने परत येण्यासारखा नव्हता.

मग सामान्य माणसाने स्वतःला वाचविले कशाने? याचे उत्तर बव्हंशी माळावर सापडते. घरात 'उंदीर पडू लागले' की कुटुंबे भांडीकुंडी घेऊन गावाबाहेर झोपड्यांत राहावयास जात, आणि उन्हाळा लागला की परतत. मुस्लिम वस्त्यांत यावर एक धार्मिक पेचही होता. ताऊन असलेल्या मुलखात जाऊ नये व तेथून पळून जाऊ नये, असे हदीसमध्ये आहे. परंतु घर सोडून त्याच गावच्या शिवारात राहणे हे मुलूख सोडणे नव्हे, अशी वाट यातून निघू शकत होती. शिवाय दुसरा खलिफा हजरत उमर हे सीरियातील ताऊनची वार्ता ऐकून सर्ग येथून माघारी फिरले होते, हा दाखला होताच.

हे शहाणपण शास्त्राच्या आधीचे होते. पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये कराचीत पिसवेचा संबंध दाखविला, तेव्हा त्यांची फारशी दखल घेतली गेली नाही. १९०५ पासून मुंबईत काम करणाऱ्या प्लेग संशोधन आयोगाने गिनीपिगांवरील प्रयोगांनी तो सिद्ध केला. उंदीर मेल्यावर उपाशी पिसवा माणसाकडे वळतात. म्हणजे घर सोडणे हाच त्या क्षणी खरा उपाय होता, आणि भिंती धुणारी पथके बऱ्याच अंशी वेळ वाया घालवीत होती. हे कळल्यावर सरकारी यंत्रणेनेच घरे रिकामी करण्यास उत्तेजन देण्यास आरंभ केला.

पुढे कीटकनाशके व प्रतिजैविके आली, आणि १९६० नंतर हा रोग इतिहासजमा झाल्याचा समज दृढ झाला. १९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात घरांतून उंदीर मरून पडू लागले व पिसवांचा उपद्रव वाढला. रोगाचे निदान त्यानंतर झाले.