छोट्या केंद्रांसाठी डिजिटल नभोवाणी

डिजिटल नभोवाणीचे गुणगान करताना ध्वनीचा स्वच्छपणा आणि केंद्रांची वाढती संख्या यांचा उल्लेख हमखास होतो. मात्र या तंत्राची मूळ रचना मोठ्या प्रसारणसंस्थांच्या सोयीची होती, हे फारसे सांगितले जात नाही. एखाद्या वस्तीने वा लहान शहराने स्वतःपुरते केंद्र चालवायचे ठरविले, तर या रचनेत त्याला परवडेल अशी जागाच नव्हती. ही जागा पुढे ब्रिटनमध्ये निर्माण झाली.

युरोपात १९८७ साली सुरू झालेल्या ‘युरेका १४७’ या प्रकल्पातून ‘डॅब’ ही पद्धत जन्मास आली. एफ.एम.मध्ये प्रत्येक केंद्राला स्वतंत्र कंप्रता लागते आणि बहुधा स्वतंत्र प्रक्षेपकही. ‘डॅब’मध्ये अनेक केंद्रांचा ध्वनी अंकांत रूपांतरित करून, आक्रसून, एकत्र गुंफला जातो आणि सुमारे दीड मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या एकाच पट्ट्यातून पाठविला जातो. या जुडग्याला मल्टिप्लेक्स म्हणतात. हा शब्द आपल्याला चित्रपटगृहांमुळे परिचित आहे आणि कल्पनाही तीच : एका छताखाली अनेक पडदे. ही माहिती १,५३६ सूक्ष्म वाहक लहरींवर विभागलेली असल्याने इमारतींवरून परावर्तित होणारे तरंग त्रासदायक ठरत नाहीत. शेजारशेजारचे मनोरे एकच कंप्रता वापरू शकतात. बीबीसीने सप्टेंबर १९९५ मध्ये या पद्धतीने प्रसारण सुरू केले. एक उणीव मात्र आहे. एफ.एम.चा संकेत क्षीण झाला की खरखर वाढत जाते, पण शब्द कळतात. डिजिटल संकेत क्षीण झाला की चिखलात बुडबुडे फुटावेत तसा आवाज होतो आणि पाठोपाठ शांतता.

छोट्या केंद्राची अडचण या एकत्रीकरणातच होती. ब्रिटनमध्ये २००४ च्या आदेशाने सामुदायिक केंद्रांना कायदेशीर स्थान मिळाले. त्यांतील पुष्कळशी केंद्रे चार-पाच किलोमीटरच्या परिघापुरतीच होती. स्थानिक म्हणविला जाणारा मल्टिप्लेक्स मात्र अख्खा परगणा किंवा महानगर व्यापणारा. त्यात शिरायचे तर जेथे आपला श्रोताच नाही, अशा प्रदेशाचेही भाडे भरावे लागे. एफ.एम.कडे परतावे, तर मोठ्या शहरांत कंप्रता शिल्लक नव्हत्या.

ही कोंडी फुटली ती ऑफकॉम या नियामक संस्थेतील रशीद मुस्तफा या अभियंत्याच्या प्रयोगाने. २०१२ साली ब्रायटन येथे त्यांनी महागड्या यंत्रसामग्रीऐवजी साधा संगणक, सॉफ्टवेअरच्या आज्ञेनुसार चालणारे छोटे प्रक्षेपणयंत्र आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर यांच्या साहाय्याने मल्टिप्लेक्स उभा केला. या सॉफ्टवेअरचा पाया कॅनडाच्या सरकारी संशोधन केंद्रात घातला गेला होता; पुढे स्वयंसेवी तंत्रज्ञांनी त्याची जोपासना केली. कोणीही फुकट उतरवून घ्यावे असे हे साधन मोठ्या कंपन्यांच्या मक्तेदारीला पुरून उरले, ही या कथेतील सर्वांत समाधानाची बाब होय.

२०१५ मध्ये ब्रिस्टल, केंब्रिज, ग्लासगो, नॉरिचसह दहा ठिकाणी चाचण्या झाल्या. २०१७ साली संसदेने स्वतंत्र कायदा केला, २०१९ मध्ये त्याखालील आदेश निघाला आणि २०२० पासून छोट्या मल्टिप्लेक्सच्या परवान्यांसाठी अर्ज मागविण्यात आले. प्रत्येक मल्टिप्लेक्सवरील काही जागा सामुदायिक केंद्रांसाठी राखून ठेवण्याची अट त्यात आहे. ही अट नसती, तर स्वस्त झालेली जागाही व्यापारी केंद्रांनीच व्यापली असती. ‘डॅब प्लस’ या सुधारित आवृत्तीमुळे कमी जागेत ध्वनी मावतो, त्याचाही लाभ झाला.

तरीही मनोरा दुसऱ्याचा, भाडे दरमहा आणि श्रोत्याला नवा संच घेणे भाग, या अडचणी उरतातच. नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय केंद्रांचे एफ.एम. प्रसारण बंद केले, तेव्हाही बहुतेक स्थानिक केंद्रांना एफ.एम.वर राहू दिले, ते उगाच नव्हे.

आपल्याकडे २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक केंद्रांची मुभा मिळाली. म्हसवडचे ‘माणदेशी तरंग’ हे त्याचेच फलित. ही केंद्रे एफ.एम.वर, साधारणतः पन्नास वॅटच्या प्रक्षेपकावर चालतात. डिजिटलसाठी आकाशवाणीने मध्यम लहरींवर ‘डॅब’ नव्हे, तर ‘डीआरएम’ पद्धत स्वीकारली. ही पद्धत एफ.एम.च्या पट्ट्यातही चालते. तेथे तिला जेमतेम शंभर किलोहर्ट्‌झची रुंदी पुरते आणि तेवढ्यात एकाच प्रक्षेपकावरून तीन ध्वनिवाहिन्या देता येतात. म्हणजे दुसऱ्याच्या मल्टिप्लेक्समध्ये भाडेकरू न होता, स्वतःच्या मनोऱ्यावरूनच मराठीसोबत परिसरातील आणखी एखाद्या बोलीची वाहिनी चालविणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे.