इंजिनचे संपीडन वाढवताना : लाभ किती, जोखीम किती?

जुन्या पेट्रोल मोटारीची ओढ वाढावी यासाठी इंजिनचे हेड घासून ‘कॉम्प्रेशन’ वाढवण्याचा मार्ग गॅरेजांमध्ये परिचित आहे. पार्सेहून मोपा किंवा म्हापशाला रोज ये-जा करणाऱ्या वाहनधारकाने तो स्वीकारण्यापूर्वी त्यामागचा हिशेब समजून घेणे हिताचे ठरते.

संपीडन गुणोत्तर म्हणजे काय?
पिस्टन तळाशी असताना सिलिंडरमध्ये असलेली एकूण जागा आणि तो वर पोहोचल्यावर उरणारी जागा यांचे प्रमाण म्हणजे संपीडन गुणोत्तर. १० : १ गुणोत्तरात हवा व पेट्रोलचे मिश्रण मूळ जागेच्या दहाव्या हिश्शात दाबले जाते. मिश्रण जितके अधिक दाबले जाईल, तितके तेवढ्याच इंधनातून अधिक काम मिळते.

प्रत्यक्ष हिशेब
चार सिलिंडरचे, ७३ मिलिमीटर बोअरचे ११९७ सीसी इंजिन घेऊ. प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याला सुमारे २९९ सीसी येतात. गुणोत्तर १० असताना वर उरणारी जागा ३३.२ सीसी असते. ते ११ करण्यासाठी ती २९.९ सीसीवर आणावी लागते. त्यासाठी हेडवरून साधारण ०.८ मिलिमीटर धातू काढावा लागतो; ज्वलनकक्षाच्या आकारानुसार हे माप बदलते. एवढे करून सैद्धांतिक कार्यक्षमता ६०.२ टक्क्यांवरून ६१.७ टक्क्यांवर जाते. म्हणजेच ८० अश्वशक्तीच्या इंजिनला फार तर दोन अश्वशक्तींची भर पडते.

जोखीम कोठे?
अधिक दाबामुळे मिश्रण तापते आणि ठिणगीची ज्वाला पोहोचण्यापूर्वीच त्याचा काही भाग आपोआप पेटतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. उन्हाळ्यात, भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये चढणीला लावली की धातूवर टकटक केल्यासारखा आवाज येतो. हे चालू राहिल्यास पिस्टन व हेड गॅस्केट निकामी होतात. नव्या गाड्यांतील नॉक सेन्सर ठिणगी उशिरा पाडून इंजिन वाचवतो. मात्र त्यात मिळवलेली शक्ती पुन्हा खर्ची पडते. वीस टक्के इथेनॉल मिश्रित पेट्रोलचा ऑक्टेन मानकानुसार किमान ९५ असल्याने नॉकिंगला काहीसा आळा बसतो. परंतु त्याची ऊर्जा कमी असल्याने मायलेज घटते. शिवाय हेड खाली आल्याने टायमिंग चेन सैल पडते, व्हॉल्व्हच्या वेळा चुकतात आणि व्हॉल्व्ह व पिस्टन यांतील अंतर कमी होते.

कायदा काय सांगतो?
मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येत नाही. बोअर वाढवल्यास सीसी बदलते आणि हे कलम थेट लागू होते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अनधिकृत बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विमा कंपनीला न कळवलेला बदल अपघातानंतरच्या दाव्यातही अडचण ठरू शकतो.

आधी हे करा
गाडीची ओढ कमी झाली असेल तर प्रथम चारही सिलिंडरची कॉम्प्रेशन चाचणी करून घ्यावी. एखाद्यात दाब कमी आढळल्यास त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये किंवा हेड गॅस्केटमध्ये असतो. झिजलेल्या इंजिनात हा दोष दूर केल्याने परत मिळणारी शक्ती हेड घासून मिळणाऱ्या दोन अश्वशक्तींहून अधिक असू शकते, आणि त्यासाठी मूळ रचनेला हात लावावा लागत नाही.