वाड्यात कुणी बसायचं?

आपल्या हिंजवडीत काचेच्या इमारतींमध्ये महिन्याच्या भाड्यावर टेबल-खुर्ची मिळते. वीज, इंटरनेट, चहाचं मशीन, सगळं सामायिक. को-वर्किंग म्हणतात त्याला. पडक्या सरकारी वास्तू दुरुस्त करून तिथेही अशा जागा काढाव्यात, असं आता बोललं जातं. अशा वेळी आम्हाला आठवतो पुण्यातला विश्रामबागवाडा.

दुसऱ्या बाजीरावाने तो 1807च्या सुमारास बांधला. तिथे तो राहिला जेमतेम अकरा वर्षं! 1818मध्ये पेशवाई गेली आणि एवढ्या मोठ्या वाड्याला धनी उरला नाही. 1821मध्ये इंग्रजांनी तिथे संस्कृत पाठशाळा उघडली. 1879च्या आगीत काही भाग जळाला, तो पुन्हा उभारला. पुढे 1959पर्यंत तिथे शहराच्या कचेऱ्या होत्या. सुरूच्या आकाराचे कोरीव खांब आजही रस्त्यावरून दिसतात. लाकडाचा वाडा बंद राहिला की त्याला वाळवी लागते, आणि कौल सरकलेलं कुणाला कळतही नाही. रोज कुणी खिडक्या उघडत होतं, म्हणून तो टिकला, असं आम्हाला वाटतं.

पण त्या पाठशाळेत बायका नव्हत्या. 16 नोव्हेंबर 1852 रोजी याच वाड्यात जोतीराव फुल्यांचा मुलींच्या शिक्षणासाठी सरकारी सत्कार झाला, शाल दिली गेली. मुलींची शाळा मात्र त्यांनी आणि सावित्रीबाईंनी 1848मध्ये भरवली ती बुधवार पेठेतल्या भिडेवाड्यात, इथून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या वाड्यात पुढे दुकानं आली, कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले, आणि डिसेंबर 2023मध्ये तो स्मारकासाठी पाडला गेला. आपल्या आज्या-पणज्यांसाठी उघडलेली ती खोली आता पाहायला मिळणार नाही.

म्हणून जुन्या वास्तूत टेबलं मांडायची म्हटली, की आम्ही आधी विचारू: भाडं किती? संगणकवाल्यांनाच परवडेल एवढं, की बचत गटालाही? बायकांचं स्वच्छतागृह कुठे? संध्याकाळी सातनंतर जिन्यात दिवा असेल का? आणि चुन्याच्या भिंतीला सिमेंट फासू नका, ओल आतच अडकते. हे गवंड्याला ठाऊक असतं, ठेकेदाराला सांगावं लागतं.

आमच्या गटाच्या वह्या सध्या कुणाच्या तरी ओट्यावर उघडतात. पाऊस आला की गुंडाळून घरात.