चार पायांचे राजपुत्र

मी मुसलमान, आणि आज बोलणार आहे डुकराबद्दल. काहींना हसू येईल, येऊ द्या. हैतीतल्या गरिबांचा इतिहास सांगताना हे जनावर वगळताच येत नाही.

१७९१च्या ऑगस्टमध्ये बुआ कायमानच्या रानात गुलाम रात्री जमले, काळ्या डुकराचा बळी दिला आणि एकमेकांना न सोडण्याची शपथ घेतली, असं तिथली परंपरा सांगते. तपशिलावरून इतिहासकार भांडतात. बंड मात्र खरं, आणि १८०४ साली देश स्वतंत्र झाला. १८२५मध्ये फ्रान्सनं १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली. म्हणजे सुटलेल्या गुलामांनीच मालकांना पैसे मोजायचे! पुढे रक्कम ९ कोटींवर आली, तरी त्यापायी झालेलं कर्ज फिटायला १९४७ उजाडलं.

अशा देशात शेतकऱ्याला बँक कुठली? दारातलं छोटं, काळं, काटक डुक्कर हीच बँक. उष्टंखरकटं खाऊन जगायचं. मुलांची फी, लग्न, मयत निघालं की विकायचं. ज्याच्याकडे जनावर नाही त्याला दोस्त आपली मादी सांभाळायला देई आणि पिलं दोघं वाटून घेत. आपल्याकडे शेळी अर्धलीनं देतात तसंच. शेतीच्या कामाला ‘कोंबीत’, म्हणजे आपली इर्जिक: ढोलाच्या तालावर सगळ्यांनी एकाच्या शेतात राबायचं, त्यानं जेवू घालायचं, उद्या दुसऱ्याचं शेत. आणि ‘सोल’ म्हणजे आमची अम्मी लावायची ती भिशीच. वूडू धर्मातला शेतीचा देव झाकासुद्धा गवती टोपी घालून, खांद्याला पिशवी अडकवून येणारा कुणबी! १९४१-४२मध्ये चर्चनं अंधश्रद्धा म्हणून वूडूचे ढोल जाळले, तेव्हा झाक रुमँ हा साम्यवादी लेखक विरोधात उभा राहिला. मोहीम काढायचीच तर दारिद्र्याविरुद्ध काढा, असं त्याचं म्हणणं होतं.

तशी मोहीम कुणी काढली नाही. निघाली ती डुकरांविरुद्ध. १९७८नंतर शेजारच्या डॉमिनिकन प्रजासत्ताकातून डुकरांचा आफ्रिकी ताप आला. आपल्याकडच्या डुकरांना लागण होईल या धास्तीनं अमेरिकेनं पैसा पुरवला आणि १९८३पर्यंत हैतीतली जवळजवळ सगळी काळी डुकरं मारली गेली. बदल्यात अमेरिकेतून धिप्पाड डुकरं आली. त्यांना सिमेंटची जमीन हवी, विकतचा खुराक हवा, स्वच्छ पाणी हवं. लोकांनी त्यांना नाव ठेवलं: चार पायांचे राजपुत्र. ज्यांच्या स्वतःच्या झोपडीत मातीची जमीन, त्यांनी यांच्यासाठी सिमेंट कुठून आणायचं? दोस्ताला अर्धलीनं द्यायला काही उरलं नाही, आणि फीच्या वेळी विकायलाही.