गच्चीवरून घरात गेलेलं लाटणं

१५ मार्च १९५९. गिरगावातल्या लोहाणा निवासाच्या गच्चीवर सात गुजराती बायका पोळपाट-लाटणं घेऊन बसल्या. दिवसाअखेर पापडांची चार पाकिटं तयार झाली. भांडवल होतं ८० रुपये, तेही समाजसेवक छगनलाल करमशी पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांच्याकडून उसने घेतलेले. जसवंतीबेन पोपट आणि त्यांच्या मैत्रिणींचा हिशेब साधा होता. घरचं आटोपल्यावर जो वेळ उरतो, त्यात येणारी कला वापरायची आणि चार पैसे घरात आणायचे.

पहिल्याच पावसाळ्यानं हा हिशेब चुकवला. ऊन नाही, तर पापड वाळणार कसे? चार महिने काम बंद पडलं. पुढच्या वर्षी बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पाऊस पडत राहिला, लाटणी थांबली नाहीत.

खरी अडचण आली ती बरकतीमुळे. दुसऱ्या वर्षी शंभर-दीडशे जणी आल्या आणि तिसरं वर्ष सरेपर्यंत आकडा तीनशेच्या पुढे गेला. एवढ्या बायका आणि एवढं सामान गच्चीवर मावेना. तेव्हा ठरलं की पीठ मळायचं एकत्र आणि लाटायचं जिच्या-तिच्या घरी. मळलेलं पीठ न्यायचं, पापड परत आणायचे. वजन आणि पॅकिंग संस्थेत. जागेच्या टंचाईतून निघालेली ही तोड पुढे ‘लिज्जत’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या संस्थेच्या कामाचा कणाच झाली.

कारण तिनं कामाचं माप बदललं. गिरण्यांच्या मुंबईत काम भोंग्यावर आणि पाळीवर चाले. इथे घड्याळाऐवजी तराजू आला. लाटलेल्या पापडाच्या वजनावर मिळणाऱ्या मजुरीला ‘वणाई’ म्हणतात. कोणत्या वेळी लाटायचं, हे जिचं तिनं ठरवायचं. तान्हं मूल झोपलं की पोळपाट निघे, शाळेतून मुलं आली की बाजूला सरके. वणाई रोजच्या रोज मिळत असल्यानं संध्याकाळच्या भाजी-दुधाची सोयही हाती राही.

व्यवसायाची शिस्त मात्र सैल नव्हती. सुरुवातीला दोन प्रतींचे पापड निघत, त्यातले हलके स्वस्तात विकायचे. छगनबाप्पांनी दर्जात तडजोड नको, असं बजावलं. तोटा झाला तरी देणगी मागायची नाही, हेही आरंभीच ठरलं होतं. ‘लिज्जत’ हे नाव १९६२ मध्ये आलं. ते स्पर्धेतून निवडलं गेलं. सुचवणाऱ्या धीरजबेन रूपारेल यांना पाच रुपयांचं बक्षीस मिळालं. १९६२-६३ मध्ये विक्री १.८२ लाख रुपयांवर गेली. १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही मिळाली. इथे पापड लाटणारी प्रत्येक बाई ‘बहेन’, म्हणजे सभासद आणि मालकही. नफा-तोटा सगळ्यांचा. कारभार पाहायला २१ जणींची समिती आणि शाखेला संचालिका, त्याही सभासदांमधूनच आलेल्या.

ही सोय फुकटची नव्हती. एका खोलीच्या संसारात पापड पसरायला जागा करायची, पिठाला धूळ लागू द्यायची नाही, स्वच्छता तपासायला कोणी येईल म्हणून घर लख्ख ठेवायचं. चूल, पाणी, धुणी यातलं काही कमी झालं नाही. पापड त्यांच्या जोडीला आले. घरातल्या घरात काम मिळालं, पण बाईच्या वाटची घरची कामं तिच्याकडेच राहिली.

२०२१ मध्ये जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सभासद ४५ हजारांच्या आसपास होत्या. मुंबईत सभासदांना आणायला-सोडायला पहाटे संस्थेच्या छोट्या बस फिरतात. शाखेच्या दारात रांग लागते. कालचे पापड काट्यावर चढतात, आणि आजचं पीठ डब्यात घेऊन बायका घरी परततात.